स्लॅब टाकण्याआधी नकाशे जुळवा

जळगाव असो की धुळे, घर बांधताना एक प्रकार नेहमी दिसतो. स्लॅब टाकून होतो आणि मग प्लंबर येऊन बीम फोडतो, कारण पाइप कुठून जाणार हे आधी ठरलेलंच नसतं. खर्च वाढतो, बांधकामही कमकुवत होतं.

मोठ्या प्रकल्पांत यावर 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणजे बीआयएम वापरतात. आर्किटेक्ट, आरसीसी इंजिनीअर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचं काम संगणकावर एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये बसवलं जातं. पाइप बीमला आडवा आला तर ते स्क्रीनवरच कळतं. नागपूर मेट्रोने 'फाइव्ह-डी' बीआयएम वापरलं. त्यात लांबी, रुंदी, उंचीसोबत वेळ आणि खर्चही जोडलेला असतो.

आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घराला एवढं सॉफ्टवेअर लागत नाही. पद्धत मात्र तीच ठेवा. सळई बांधण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवा. पाइप आणि वायरिंग एकाच नकाशावर काढून घ्या. बीममधून पाइप न्यायचाच असेल, तर जागा इंजिनीअरने ठरवावी आणि स्लीव्ह आधीच टाकावी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नकाशा तारीख घालूनच पाठवा. नवा आला की जुना बाद, हे मिस्त्रीला बजावून सांगा.

आयुष्यभराची कमाई घरात घालतोय, तर एक दिवस नकाशालाही द्या.