घरचे आणि बाजारचे

हॉकीचा निकाल सामन्यात लागतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बर्फावरच्या हॉकीत संघांचे बरेचसे भवितव्य उन्हाळ्याच्या सुट्टीत, करारपत्रांवर ठरते. कॅनडातील एडमंटन ऑयलर्स संघाचा २०२४ चा उन्हाळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. बांधलेल्या रकमेत संसार चालविणाऱ्या कोणालाही त्यातून बोध घेता येईल.

२४ जून २०२४ रोजी अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाने एडमंटनला २-१ असे हरविले आणि स्टॅन्ले चषक हातचा गेला. आठवडाभरात खेळाडूंचा बाजार उघडला. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर ८ कोटी ८० लाख डॉलरांची मर्यादा होती. एडमंटनने जेफ स्किनरला वार्षिक ३० लाखांवर आणि व्हिक्टर आर्व्हिडसनला ४० लाखांवर आणले. आपल्या काही जुन्या खेळाडूंचेही करार वाढविले. मात्र पहिल्या फेरीत निवडून स्वतः वाढविलेले फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे हे दोन तरुण करारावाचून राहिले. मुदत संपली तरी अशा तरुणांवरील हक्क जुन्या संघाकडेच राहतो. तेव्हा ते जातात कोठे, असा हिशेब असावा.

परंतु नियमात एक दार उघडे होते. दुसऱ्या संघाने लेखी देकार दिल्यास जुन्या संघाने सात दिवसांत तेवढेच वेतन मान्य करावे, अन्यथा भरपाईवर समाधान मानावे. संघ या मार्गाने क्वचितच जातात. १३ ऑगस्टला सेंट लुईस संघ गेला, आणि तोही दोघांसाठी एकदम! भरपाई वेतनाच्या टप्प्यांनुसार ठरते. ब्रोबर्गला ४५,८०,९१७ आणि हॉलोवेला २२,९०,४५७ डॉलर, म्हणजे नेमकी आपापल्या टप्प्याची कमाल रक्कम देऊ केली गेली. एक डॉलर अधिक असता तर भरपाई वाढली असती. २० ऑगस्टला एडमंटनने दोघांवर पाणी सोडले. पदरी पडले ते नवोदितांच्या निवडीचे दोन हक्क, एक दुसऱ्या फेरीचा व एक तिसऱ्या फेरीचा.

पुढील हंगामात हॉलोवेने ६३ गुण मिळविले. स्किनर आणि आर्व्हिडसन यांचे मिळूनही तेवढे झाले नाहीत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, एडमंटन २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे त्याच फ्लोरिडाने त्याला सहा सामन्यांत नमविले. नवे सरव्यवस्थापक स्टॅन बोमन २४ जुलैला आले, तोवर जुलैचे सौदे होऊन गेले होते, हेही खरे. पण हक्काचे कागद कचेरीतच होते.

सेंट लुईसला आम्ही दोष देत नाही. त्या तरुणांना तर मुळीच नाही. श्रमाचे मोल जेथे अधिक, तेथे त्यांनी जावे, हेच रास्त. दोष आहे तो घरच्या माणसाच्या थांबण्याला फुकटची ठेव समजणाऱ्या वृत्तीचा. मर्यादित पैशांत आधी आपली माणसे बांधावीत आणि उरेल त्यातून बाजार करावा, हा क्रम उलटला की बैल गेल्यावर झोपा करण्याची पाळी येते. आमच्या मते उन्हाळ्यातील नियोजनाचा पहिला नियम हाच असला पाहिजे.