गावातला मेडिकलवाला आणि लसीची भीती



आमच्या हफ्र अल बातिनमध्ये औषधांच्या दुकानाला 'सैदलिया' म्हणतात आणि काउंटरमागच्या फार्मासिस्टला गिऱ्हाईक सर्रास 'दुक्तूर' अशी हाक मारतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तरी वेगळे काय आहे? मेडिकलवाल्याला 'डॉक्टर' म्हणणारे लोक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र संध्याकाळी बंद होते, डॉक्टर शहरात राहतात, पण मेडिकल रात्री नऊलाही उघडे असते. तिथे नंबर लावावा लागत नाही, फी द्यावी लागत नाही, आणि विचारणारा व सांगणारा एकमेकांना ओळखतात.

म्हणूनच, लसीला घाबरणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, हे गावातल्या फार्मासिस्टला शिकवले तर काय होईल, हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. मी व्यवसायाने आयटीवाला, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न औषधाचा कमी आणि संवादाचा जास्त आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ

लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर करणे किंवा नाकारणे, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये एक नाव दिले आणि त्यामागची तीन कारणे मांडली. पहिले अविश्वास: लसीवर, ती देणाऱ्यावर किंवा सरकारवर. दुसरे बेफिकिरी: 'आता कुठे असतो तो रोग?' तिसरे गैरसोय: केंद्र लांब, रोज बुडतो, बाळाला कडेवर घेऊन कोण जाणार? २०१९ मध्ये याच संघटनेने लसीबाबतच्या या टाळाटाळीला जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत बसवले. लक्षात घ्या, ही कोविडच्या आधीची गोष्ट आहे.

यात पणाला काय लागले आहे ते गोवराच्या उदाहरणाने कळेल. लस न घेतलेल्या लोकांत गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. त्यामुळे साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. शंभरातली दहा-पंधरा मुले राहिली तरी रोगाला वाट मिळते. २०२२ च्या शेवटी मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, हेच झाले. गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. लस मोफत होती, शहर मुंबईसारखे होते, तरीही!

भीती नवी नाही, आणि वेडेपणाही नाही

लसीला घाबरणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आपलाच इतिहास पाहा. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग असताना वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मालकोवाल गावी ही लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांचे नाव स्वच्छ व्हायला १९०७ उजाडले, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. एका खऱ्या अपघाताने गेलेला विश्वास परत यायला इतकी वर्षे लागतात.

कधी कधी तर खोट्या गोष्टीनेही तेवढेच नुकसान होते. गोवराच्या लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली आला आणि २०१० साली मागे घेतला गेला. लेख गेला, पण अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतेच आहे.

मग माहिती दिली की झाले?

इथेच घोडे पेंड खाते. आपण सुशिक्षित मंडळी समजतो की आकडे दाखवले की समोरचा पटकन मान्य करील. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांना गोवराच्या लसीबद्दलचा गैरसमज खोडून काढणारी माहिती दिली. गैरसमज कमी झाला, पण ज्यांचे मन आधीच लसीविरुद्ध होते त्यांची मुलाला लस देण्याची इच्छा उलट घटली! वादात हरलेला माणूस पटलेला असतोच असे नाही.

दुसरा मार्ग सक्तीचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात कोविड लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही, असा आदेश निघाला होता. साथीत असे उपाय करावे लागतात, हे मान्य. पण बाळाच्या लसी जन्मापासून सुरू होतात आणि शेवटची सोळाव्या वर्षी असते. इतकी वर्षे पुन्हा पुन्हा यायचे तर ते विश्वासानेच.

काउंटरवरचे बोलणे

आता एक कल्पित संवाद पाहू. एक आई मेडिकलमध्ये येते.

"दादा, लेकराला गोवराची सुई द्यायची म्हणत्यात आशाताई. द्यावी का नको?"

नेहमीचे उत्तर असते, "द्या की, काही होत नाही. घाबरता कशाला?" विषय संपला, आणि बाई घरी जाऊन सुई टाळते. शिकलेला फार्मासिस्ट असे बोलेल:

"कितवा महिना बाळाला?"

"नववा सरला."

"मग वेळ झालीच की. पण ताई, तुमच्या मनात काय आहे?"

"मागल्या सुईला दोन रात्री ताप होता. सासूबाई म्हणत्यात, चांगलं खेळतंय लेकरू, कशाला आजारी पाडता?"

"दोन रात्री जागरण झाल्यावर काळजी वाटणारच. त्या सुईबद्दल थोडं सांगू का?"

"सांगा की."

"ती एका सुईत पाच रोगांची लस होती. तिच्यानं एक-दोन दिवस ताप येतो आणि उतरतो. गोवराच्या लसीचं तसं नाही. काही लेकरांना आठवड्या-दीड आठवड्यानं थोडा ताप किंवा बारीक पुरळ येतं, ते आपोआप जातं. हे ऐकून काय वाटतं तुम्हाला?"

"मला पटतंय हो. पण सासूबाईंना कोण सांगणार?"

"त्यांना घेऊन या उद्या. नाहीतर मी आशाताईंना फोन करतो, त्या घरी येतील."

अडचण लसीची नव्हतीच, घरातल्या परवानगीची होती! ते विचारल्याशिवाय कळले नसते. आमच्या हेल्पडेस्कवर 'चालत नाही' अशी तक्रार आली की आम्ही लगेच मशीन बदलून देत नाही, आधी विचारतो, 'नक्की काय होतंय?' तेच हे तत्त्व.

या पद्धतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडवण्याच्या समुपदेशनातून ती मांडली. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात प्रसूतिगृहातल्या आयांशी लसीबद्दल याच पद्धतीने बोलण्याचा कार्यक्रम चालवला गेला. थोडक्यात चार पायऱ्या आहेत:

१. मोकळा प्रश्न विचारा. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येणारा नको.
२. भीती मान्य करा. तिची टिंगल करू नका.
३. परवानगी घेऊन, विचारले तेवढेच सांगा.
४. मग पुन्हा विचारा, निर्णय त्यांच्या हाती ठेवा आणि पुढची सोय करून द्या.

हे शिकवता येते का?

येते. अमेरिकेत १९९६ पासून फार्मासिस्टना लसीकरणाचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते. इथे सौदीत २०२१ मध्ये कोविडची लस औषधांच्या दुकानांतही मोफत देण्याचे जाहीर झाले होते. आमच्या या वाळवंटातल्या गावात २०१४ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यात फार्मसीचे कॉलेजही आहे.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण क्षयरोगाचे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ पासून मुंबईत औषध दुकानदारांना प्रशिक्षण दिले: सततचा खोकला असलेल्या गिऱ्हाईकाला नुसते कफ सिरप न देता तपासणीला पाठवायचे आणि रोग्याला गोळ्या डोळ्यांसमोर घ्यायला लावायच्या. दुकानदार हे काम करू शकतो, हे त्यातून दिसले. कायदाही आड येत नाही. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांत रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिलेलेच आहे.

माझ्या मते तालुका पातळीवर दुपारची दोन-तीन तासांची बैठक पुरे, कारण दुकान दिवसभर बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही. त्यात भाषण कमी आणि सराव जास्त हवा. एकाने शंकेखोर आजोबा व्हायचे, दुसऱ्याने दुकानदार. आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आशाताई यांनाही बोलवावे, म्हणजे कोणाला कुठे पाठवायचे ते पक्के होते. महिन्याभराने पुन्हा भेटून अडलेले प्रसंग बोलावेत.

मर्यादाही शिकवायला हव्यात. काही दुकानांत फार्मासिस्टचे नाव फक्त भिंतीवरच्या परवान्यावर असते. तिथे आधी माणूस हजर हवा! सरकारी लस आरोग्य केंद्रातच घ्यायची आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचे. लसीनंतर फिट आली, श्वास घ्यायला त्रास झाला, ताप खूप चढला किंवा बाळ तासन्‌तास रडत राहिले तर काउंटरवर सल्ला नको, सरळ डॉक्टरकडे पाठवायचे. आणि 'काहीच होत नाही' असे कधीही म्हणायचे नाही. कारण थोडासा ताप आला तरी तो शब्द खोटा ठरतो, आणि पुढच्या लसीला ते कुटुंब येत नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी अनेकांच्या गावी भाऊ, मेहुणा किंवा वर्गमित्र मेडिकल चालवतो. सुट्टीत गेलात की त्याच्याशी यावर जरूर बोला. मंडळाने मराठीत या चार पायऱ्यांचे खिशात मावणारे कार्ड छापून गावच्या केमिस्ट संघटनेला दिले, तर फारसा खर्च येणार नाही. मजकूर मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

आणि हो, फोनवर आई-बाबा एखादी लस नको म्हणाले, किंवा काकांनी ग्रुपवर लसीविरुद्धचा व्हिडिओ टाकला, तर लगेच लिंकांचा भडिमार करू नका. आधी फोन करून एवढेच विचारा, "काका, तुम्हाला यात नक्की कशाची काळजी वाटते?" मग गप्प बसून ऐका. तेवढे जमले तर निम्मे काम झाले असे समजा.