सुरी, सबुरी आणि शिकागोचे बीफ

मुंबईत वडापावला जे स्थान आहे, जवळपास तेच स्थान अमेरिकेतील शिकागो शहरात ‘इटालियन बीफ’ नावाच्या सँडविचला आहे. नावात इटली असली तरी या पदार्थाचा जन्म इटलीत झालेला नाही. शिकागोत येऊन वसलेल्या इटालियन स्थलांतरितांनी हलाखीच्या काळात तो घडवला. लांबट पाव, त्यात भरलेले मसालेदार गोमांस, वरून मिरच्या किंवा भाज्यांचे लोणचे आणि पाव भिजेल इतका पातळ रस, असे त्याचे स्वरूप. २०२२ साली आलेल्या ‘द बेअर’ या दूरचित्रवाणी मालिकेने या सँडविचला शिकागोबाहेरही प्रसिद्धी मिळवून दिली.

अमेरिकेतील अनेक घरांत आज हा पदार्थ स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, केला जातो. दुकानातले बीफ मऊ असते आणि घरातलेही. मात्र दोन्हींच्या मऊपणाची कारणे परस्परांहून अगदी वेगळी आहेत. दुकानातला मऊपणा सुरीचा असतो, तर घरातला सबुरीचा. हा फरक ध्यानात न घेतल्यास आठ तास शिजवलेले महागडे मांसही कोरडे आणि भुसभुशीत होऊ शकते.

टेलर स्ट्रीटवरची काटकसर

१८६५ साली शिकागोत ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा गुरांचा विशाल बाजार सुरू झाला आणि हे शहर अमेरिकेच्या मांसव्यवसायाचे केंद्र बनले. उत्तम प्रतीचे मांस ज्यांना परवडे त्यांच्याकडे जाई; कष्टकरी वस्त्यांच्या वाट्याला चिवट आणि स्वस्त भाग येत. शहराच्या पश्चिमेकडील टेलर स्ट्रीट परिसरातील इटालियन वस्ती त्यांपैकीच एक होती.

१९२९ नंतरच्या महामंदीत या वस्तीतील लग्नकार्ये घरात किंवा चर्चच्या तळघरात होत. पाहुण्यांपुढे शेंगदाणे ठेवण्यापलीकडे फारशी ऐपत नसे, म्हणून अशा लग्नांना ‘पीनट वेडिंग’ हे नावच पडले. थोडक्या मांसात मोठी पंगत उठवायची, हा यजमानांपुढचा प्रश्न होता. त्यावर निघालेली तोड अशी सांगितली जाते की, मांडीचा चिवट तुकडा मसाला आणि पाणी घालून भट्टीत भाजायचा, थंड झाल्यावर कागदासारखे पातळ काप काढायचे आणि ते गरम रसात बुडवून पावात भरायचे. रसाने पाव फुगे, पोट भरे आणि मांस पुरून उरे. १९३८ साली याच वस्तीत सुरू झालेले ‘अल्स बीफ’ हे दुकान आजही नावाजलेले आहे.

या कृतीचे मर्म सुरीत आहे. मांस म्हणजे लांब स्नायुतंतूंच्या जुड्या. तंतूंच्या दिशेने कापले तर प्रत्येक घासात लांब दोरे चघळावे लागतात. तंतूंना आडवे आणि अतिशय पातळ कापले तर प्रत्येक दोऱ्याची लांबी काही मिलिमीटरच उरते आणि दातांचे काम सुरीनेच उरकलेले असते. म्हणूनच दुकानदार मांस फार शिजवत नाहीत. तुकडा घट्ट राहिला तरच त्याचे पातळ काप निघतात. रसातही ते काप थोडाच वेळ बुडवले जातात. अधिक वेळ ठेवल्यास ते आक्रसून पुन्हा चिवट होतात.

कोलॅजेनचे गणित

घरात असे पातळ काप काढणारे यंत्र नसते. तेथे मऊपणा मिळवायचा तो दुसऱ्या मार्गाने, आणि त्यासाठी मांसाचा भागही वेगळा निवडावा लागतो.

जनावर ज्या स्नायूंवर सर्वाधिक भार टाकते, त्या खांदा, मान आणि पायांच्या स्नायूंमध्ये संयोजी ऊती अधिक असतात. स्नायुतंतूंच्या जुड्या बांधून ठेवणाऱ्या या आवरणांतील प्रमुख प्रथिन म्हणजे कोलॅजेन. कच्च्या मांसाचा चिवटपणा मुख्यतः त्याचाच. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला हे कोलॅजेन आकुंचन पावते आणि मांसातील पाणी पिळून बाहेर काढते. या टप्प्यावर मांस पूर्वीपेक्षाही निबर लागते. मात्र तापमान ७० अंशांच्या पुढे नेऊन कित्येक तास तेथे राखले, तर तेच कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. तंतूंना बांधणारी दोरीच सुटते आणि मांस काट्याच्या टोकाने उकलू लागते. सुटलेले जिलेटिन रसात उतरते, त्याला दाटपणा देते आणि तंतूंवर पसरून कोरडेपणा झाकते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अर्ध्या वेळेला मांस चिवट लागले म्हणून कृती फसली असे समजण्याचे कारण नाही. चौथ्या तासाला दाताला दाद न देणारा तुकडा आठव्या तासाला आपोआप सुटू शकतो. दुसरी, महाग आणि कमी चरबीचा कोवळा भाग स्लो कुकरमध्ये घालणे हा पैशाचा अपव्यय आहे. त्यात कोलॅजेन अत्यल्प असते. त्यामुळे तंतूंतील पाणी निघून जाते आणि ती उणीव भरून काढायला जिलेटिन नसते. रसात बुडलेले असूनही ते मांस कोरडे लागते. भोवती पाणी असले म्हणजे मांस रसाळ राहते, हा समज चुकीचा आहे.

शुक्रवारच्या भट्टीतून विजेच्या भांड्यात

योगायोग असा की, स्लो कुकरचा इतिहासही शिकागोशीच निगडित आहे. त्याचे जनक आयर्व्हिंग नॅक्सन हे शिकागोत काम करणारे ज्यू संशोधक. ज्यू धर्मनियमांनुसार शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत अग्नी पेटवता येत नाही. त्यामुळे लिथुआनियातील विल्नियस शहरातील ज्यू कुटुंबे शुक्रवारी दुपारी कडधान्ये, बटाटे आणि मांस घातलेले ‘चोलेंत’चे भांडे गावच्या बेकरीत नेऊन देत. दिवसभर तापलेली भट्टी रात्रभर निवत जाई आणि त्या उरलेल्या उष्णतेवर अन्न शिजे. नॅक्सन यांना ही हकिकत त्यांच्या आईने सांगितली होती. भट्टीचे हे काम घरातील विजेच्या भांड्याकडून करून घेण्याची कल्पना त्यांना त्यातूनच सुचली आणि १९४० साली त्यांना पेटंट मिळाले.

त्यांच्या ‘नॅक्सन बीनरी’ या भांड्याकडे प्रारंभी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९७० साली त्यांनी आपला व्यवसाय कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. या कंपनीने १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळात अमेरिकेत वाढत होती. सकाळी भांडे लावून जावे आणि संध्याकाळी तयार जेवण मिळावे, ही सोय त्यांनी उचलून धरली. शिकागोचा तो प्रसिद्ध गुरांचा बाजार बंद झाला, तोही १९७१ मध्येच.

या यंत्राची रचना साधी आहे. बाहेरच्या कवचात तापणारी तार, आत चिनी मातीचे जाड भांडे आणि वर घट्ट झाकण. आपल्याकडे चुलीच्या वैलावर भांडे सरकवून ठेवत, त्याचेच हे विजेवर चालणारे रूप म्हणता येईल. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन खुणांमुळे मात्र गैरसमज होतो. बहुतेक स्लो कुकरमध्ये दोन्ही खुणांवर अन्न शेवटी उकळबिंदूच्या आसपासच पोहोचते. फरक असतो तो तेथवर पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेचा.

घरची कृती

सहा ते आठ जणांसाठी खांद्याचा सुमारे दीड किलोचा अखंड तुकडा पुरतो. अमेरिकेतील खाटकाकडे हा भाग ‘चक’ नावाने मिळतो. तुकडा कोरडा पुसून त्याला मीठ आणि भरडलेली मिरी चोळावी आणि जाड तव्यावर थोड्या तेलात सर्व बाजूंनी तांबूस करून घ्यावा. ही पायरी अनेक जण वगळतात. मात्र भाजल्याचा खमंगपणा आणणारी रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढेच वेगाने घडते. रस असलेल्या भांड्यात तापमान १०० अंशांपलीकडे जात नसल्याने तो खमंगपणा तेथे येत नाही.

त्यानंतर भांड्याच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यावर मांस ठेवावे. सहा-सात लसूण पाकळ्या, प्रत्येकी दोन चमचे सुका ओरेगानो व बेसिल, एक चमचा भरडलेली बडीशेप आणि दीड ते दोन कप मांसाचा अळणी रस घालावा. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या पेपेरोन्चिनी या सौम्य मिरच्या थोड्या आंबटपाण्यासह घातल्यास अमेरिकी घरांतील परिचित चव येते. तयार मसाल्याची पाकिटे वापरायची असल्यास मीठ वेगळे घालू नये. त्यांत ते मुबलक असते.

‘लो’वर आठ ते दहा तास किंवा ‘हाय’वर पाच ते सहा तास हा सर्वसाधारण हिशेब. घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा. काटा टोचून फिरवल्यावर तुकडा विनासायास उकलला पाहिजे. त्या वेळी मांसाच्या आतील तापमान साधारण ९० ते ९५ अंश असते. रसावरची चरबी काढून टाकावी, मांस उकलून पुन्हा त्याच रसात घालावे आणि पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे. पाव कडक कवचाचा हवा. मऊ लादीपाव या रसात विरघळून जाईल. वर ‘जार्दिनिएरा’ हे गाजर, फ्लॉवर, सेलरी आणि मिरच्यांचे लोणचे घालतात. शिकागोत ते तेलात मुरवलेले असते.

आराम आणि धोका

सकाळी लावून निघून जाण्याच्या सोयीतच या यंत्राचा धोकाही आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अन्नाने हा पट्टा लवकर ओलांडणे आवश्यक असते. म्हणूनच गोठवलेला तुकडा थेट स्लो कुकरमध्ये घालू नये. तो आधी फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्यावा. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. झाकण वरचेवर उघडल्यास साठलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याचा वेळ लांबतो.

वीजपुरवठा खंडित झाल्यास अधिक सावध राहावे लागते. घरात कोणी नसताना वीज जाऊन पुन्हा आली असेल, तर अन्न शिजलेले दिसले तरी ते टाकून द्यावे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. अन्न किती काळ कोमट राहिले होते, हे पाहून कळत नाही आणि काही जिवाणूंची विषे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाहीत. राजम्याबाबतही अशीच दक्षता हवी. कच्च्या राजम्यातील विषारी घटक मंद आचेवर पुरेसा नष्ट होत नाही. त्यामुळे भिजवलेला राजमा आधी किमान दहा मिनिटे खळखळून उकळून मगच स्लो कुकरमध्ये घालावा. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवणे इष्ट.

खाटकाला विचारायचा प्रश्न

महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा जुनाच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे शिकागोची ही कृती जशीच्या तशी येथे करता येणार नाही. मात्र त्यामागील शास्त्र कोणा एका जनावरापुरते मर्यादित नाही. बोकडाचा खांदा, मान आणि नळ्या यांतही कोलॅजेन असते. मुंबईच्या भेंडीबाजार परिसरात पहाटे मिळणाऱ्या पायाच्या रश्श्याला जो चिकटपणा असतो, तो रात्रभर सुटलेल्या जिलेटिनचाच. प्रेशर कुकर हेच काम तासाभरात करतो, कारण वाढलेल्या दाबामुळे त्यातील तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. त्यात वेळ वाचतो. पण मांस उकलू लागण्याचा क्षण झाकणाआड निसटून त्याचा लगदा होण्याची शक्यता अधिक असते.

तेव्हा मांस मऊ कसे करावे, या प्रश्नाआधी ते जनावराच्या कोणत्या भागाचे आहे, हा प्रश्न येतो. कोवळा भाग असेल तर थोडक्या आचेवर काम भागते. चिवट भाग असेल तर एक तर आडवे, पातळ कापावे किंवा निवांत शिजू द्यावे. टेलर स्ट्रीटवरच्या लग्नघरांनी पहिला मार्ग धरला, तर विल्नियसच्या भट्टीने दुसरा. दोन्हीकडे ऐपत बेताची होती आणि खाणारी तोंडे पुष्कळ. खाटकाकडे जो भाग सर्वांत स्वस्त असतो, त्याचीच चव पुष्कळदा सर्वांत दाट असते, हे त्या दोन्ही स्वयंपाकघरांना फार पूर्वीच उमगले होते.