व्हिएन्नातील गुरुवारची मंडळी

1918 च्या उन्हाळ्यात, म्हणजे पहिले महायुद्ध संपावयास अद्याप काही महिने अवकाश असताना, व्हिएन्नातील ब्राउम्युलर या जुन्या प्रकाशनसंस्थेने एका अप्रसिद्ध जर्मन लेखकाच्या जाडजूड ग्रंथाचा पहिला खंड बाजारात आणला. लेखकाचे नाव ओस्वाल्ड श्पेंग्लर आणि ग्रंथाचे नाव ‘पश्चिमेचा अस्त’. संस्कृती जन्मास येतात, भरास येतात आणि लयास जातात, पाश्चात्त्य संस्कृतीचा काळ भरत आला आहे, आणि हे सारे एखाद्या ज्योतिष्याने कुंडली पुढे घेऊन सांगावे तितक्या खात्रीने सांगता येते, असा या ग्रंथाचा एकंदर अभिप्राय होता. पराभवाने विदीर्ण झालेल्या जर्मनीत तो धडाक्याने खपला, यात नवल नाही. त्याच वर्षी मोरिट्झ श्लिक नावाच्या, माक्स प्लांकच्या हाताखाली पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळविलेल्या एका तत्त्वज्ञाचा ज्ञानमीमांसेवरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्याच्या वाट्यास अशी लोकप्रियता आली नाही.

दोन महायुद्धांमधील युरोपच्या वैचारिक अनिश्चिततेविषयी लिहिणारे बहुधा श्पेंग्लरपासून आरंभ करतात आणि त्याच्याच सुरात समारोप करतात. मला मात्र त्या काळाचे कागदपत्र चाळताना नेहमी असे वाटत आले आहे की, सारे काही डळमळले असा डांगोरा पिटणाऱ्यांपाशी उत्तरे आधीच तयार होती. खरी अनिश्चितता पदरी आली ती निश्चित ज्ञानाचा पाया शोधण्यास निघालेल्यांच्या. श्लिक आणि व्हिएन्नात त्याच्याभोवती जमलेली मंडळी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

त्या शहराची अवस्था प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पाच कोटींहून अधिक रयतेच्या साम्राज्याची ही राजधानी 1919 च्या सँ-झर्मँच्या तहनाम्यानंतर सुमारे पासष्ट लाख वस्तीच्या एका लहानशा प्रजासत्ताकाची राजधानी होऊन बसली, आणि त्या मुलखात राहणाऱ्या दर दहांपैकी जवळजवळ तिघेजण एकट्या व्हिएन्नातच राहत होते. साम्राज्याचा कारभार हाकण्यासाठी बांधलेली कचेऱ्यांची आणि दफ्तरखान्यांची विस्तीर्ण वास्तू तशीच उभी होती. ज्यांचा कारभार हाकावयाचा ते प्रांत मात्र परक्या राज्यांत गेले होते. चलनाची किंमत इतकी घसरली की अखेर 1925 मध्ये दहा हजार जुन्या क्रोनांच्या बदल्यात एक नवा शिलिंग असा भाव ठरवून जुने नाणे मोडीत काढावे लागले. सरकारी रोख्यांवर आयुष्याची बेगमी करून निर्धास्त झालेला मध्यमवर्ग असा एकाएकी उघड्यावर आल्यावर ‘कोणत्या गोष्टीवर भरवसा ठेवावा’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता राहिला नाही.

1922 मध्ये श्लिक कील येथून व्हिएन्ना विद्यापीठात आला तो पदार्थवैज्ञानिक आणि तत्त्वज्ञ एर्न्स्ट माखने एकेकाळी भूषविलेल्या अध्यासनावर. त्याला तेथे आणण्यात हान्स हान या गणितज्ञाचा मोठा हात होता. लवकरच बोल्ट्समानगासे या रस्त्यावरील गणित संस्थेच्या एका तळमजल्याच्या खोलीत दर गुरुवारी सायंकाळी काही निमंत्रित मंडळी जमू लागली. त्यांत गणिती होते, पदार्थवैज्ञानिक होते, आणि ओट्टो नॉयराटसारखा धिप्पाड, गडगडाटी हसणारा, कामगार चळवळीत मुरलेला अर्थशास्त्रज्ञही होता. पुढे 1926 मध्ये रुडॉल्फ कार्नाप येऊन मिळाला. खोलीच्या एका कोपऱ्यात कुर्ट ग्योडेल हा ब्र्यून गावाहून शिकावयास आलेला तरुण विद्यार्थी बसे. तो जवळजवळ काहीच बोलत नसे. मंडळींचा संकल्प असा होता की, अनुभवाने पडताळता येतील अथवा शुद्ध तर्काने सिद्ध होतील तेवढीच विधाने अर्थपूर्ण मानावयाची, आणि उरलेला अध्यात्मवादी शब्दसंभार अर्थशून्य म्हणून बरखास्त करावयाचा.

त्यांनी पुष्कळ दिवस खर्ची घालून लुडविग विटगेन्श्टाइनचा ‘ट्रॅक्टेटस’ हा छोटा पण दुर्बोध ग्रंथ एकेक वाक्य घेऊन वाचला. त्या वाचनात नॉयराट पदोपदी ‘हे अध्यात्म झाले!’ असा आक्षेप घेई. त्याने चर्चा खुंटते असे पाहून हानने सुचविले की ‘मेटाफिजिक’ हा पूर्ण जर्मन शब्द उच्चारण्याऐवजी त्याने नुसते ‘एम’ हे त्याचे आद्याक्षर म्हणावे. तेव्हा थोडा वेळ ते अक्षर गुणगुणून पाहिल्यावर नॉयराटनेच तोड काढली की, त्यापेक्षा आपले बोलणे अध्यात्म नसेल तेवढ्याच वेळी मी सांगत जाईन, म्हणजे माझे श्रम वाचतील. ग्रंथकर्ता स्वतः तर याहून विलक्षण निघाला. युद्धात लढताना त्याने जे लिहिले ते इटलीतील बंदिवासात जवळ बाळगले, वडिलोपार्जित अफाट संपत्ती भावंडांच्या नावे करून टाकली, आणि पुढे सहा वर्षे खेड्यांतील शाळांमध्ये मास्तरकी केली. 1927 मध्ये श्लिकने मोठ्या मिनतवारीने त्याला काही निवडक मंडळींच्या बैठकीस आणले. तर्कशास्त्राची उकल ऐकावयास आलेल्या त्या मंडळींकडे पाठ करून हा गृहस्थ कधीकधी कविता वाचून दाखवी, आणि त्या कविता असत रवींद्रनाथ टागोरांच्या. ज्याला आपण विज्ञाननिष्ठेचा आद्य प्रवक्ता समजत होतो तो जे सांगता येत नाही त्यालाच खरे महत्त्व देतो, ही गोष्ट कार्नापच्या ध्यानात तेव्हा हळूहळू येऊ लागली.

1929 मध्ये गुरुवारच्या या मंडळाने आपला जाहीरनामा छापून श्लिकला अर्पण केला. त्यातील स्वर पुरता आत्मविश्वासाचा आहे. इतका की, अमेरिकेहून परतलेल्या श्लिकला तो काहीसा भडकच वाटला.

या आत्मविश्वासाला तडा गेला तो आतूनच. सप्टेंबर 1930 मध्ये पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग या शहरात, म्हणजे कांटच्या गावी, शास्त्रांच्या ज्ञानमीमांसेवर एक परिषद भरली. गणिताचा पाया कोणता, या प्रश्नावर कार्नाप आणि हेयटिंग व फॉन नॉयमान हे दोन गणितज्ञ, अशा तिघांनी तीन निरनिराळ्या पंथांच्या वतीने प्रबंध वाचले. पदार्थविज्ञानातील कार्यकारणभावाची जुनी घडी कशी विस्कटली, हे सांगावयास खुद्द हायझेनबर्गही तेथे आला होता. चोवीस वर्षांच्या ग्योडेलला दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे मिळाली होती, आणि ती त्याने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधातील निष्पत्ती सांगण्यात घालविली. मात्र 7 सप्टेंबरला, परिषदेच्या शेवटच्या दिवशी, सर्वसाधारण चर्चेत त्याने जवळजवळ ओघात येईल अशा रीतीने सांगून टाकले की, रूढ गणित सुसंगत आहे असे गृहीत धरल्यास त्याच्या नियमव्यवस्थेत अशी विधाने दाखविता येतात की जी आशयाने सत्य आहेत, परंतु त्या व्यवस्थेत सिद्ध करता येत नाहीत. ही गोष्ट त्याने त्यापूर्वी काही दिवस, ऑगस्टअखेरीस, व्हिएन्नातील राइख्सराट नावाच्या कॅफेत कार्नापच्या कानांवर घातली होती. परंतु कार्नापने त्यानंतरही आपला ठरलेला प्रबंध ठरल्याप्रमाणेच वाचला. सभेत त्या वाक्याचे महत्त्व तत्क्षणी ओळखणारा एकटा फॉन नॉयमान होता. बैठक उठताच त्याने ग्योडेलला बाजूस घेऊन खोदून विचारले.

दुसऱ्याच दिवशी, 8 सप्टेंबरला, त्याच शहरात डेव्हिड हिल्बर्टचे भाषण झाले. हिल्बर्ट मूळचा क्योनिग्सबर्गचा. त्या वर्षी तो निवृत्त होत होता आणि जन्मगावाने त्याला मानद नागरिकत्व दिले होते. गणिताला अभेद्य पाया मिळवून देण्याच्या कार्यात त्याने उत्तरायुष्य वेचले होते. विज्ञानात असाध्य असे काही नाही, आपण जाणलेच पाहिजे आणि जाणूच, असा निर्वाळा त्याने दिला, आणि भाषणाचा समारोप नंतर स्थानिक नभोवाणीवरूनही चार मिनिटांत ऐकविला. तो ऐकणाऱ्या त्या गावातील लोकांस, आदल्याच दिवशी येथे या आशेचा आधार काढून घेतला गेला आहे, याची वार्ताही नव्हती. इतिहासात असे योगायोग क्वचितच इतके नेटके घडतात, आणि घडले म्हणजे लेखकाने त्यांवर नक्षी चढवू नये. ग्योडेलचा निबंध 1931 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला आजतागायत कोणी खोडून काढू शकलेले नाही.

गणितातील पाया असा सरकला, तेव्हा अनुभवाचा तरी शिल्लक राहील अशी श्लिकची उमेद होती. ‘मी आत्ता येथे अमुक पाहतो आहे’ अशा प्रत्यक्ष विधानांवर सारे ज्ञान उभे असते, निदान ती तरी संशयापलीकडची आहेत, असा त्याचा पक्ष. नॉयराटने 1932 पासून तोही उखडण्यास आरंभ केला. अशी विधानेसुद्धा चुकीची ठरू शकतात, ती दुरुस्त करता येतात, ती वगळताही येतात, असे त्याचे म्हणणे. आणि ते समजावून सांगताना तो वर्षानुवर्षे एकच चित्र पुढे करी: आपण भर समुद्रात जहाज बांधून काढणारे खलाशी आहोत, ते कोरड्या गोदीत नेऊन नव्याने उभारण्याची सोय आपल्याला नाही, म्हणून एकेक फळी बदलीत असताना उरलेल्या फळ्यांवर उभे राहणे भाग आहे. हे चित्र त्याने श्पेंग्लरच्या खंडनासाठी 1921 मध्ये लिहिलेल्या पुस्तकातही वापरले होते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. श्पेंग्लरला जहाजाचे बुडणे दिसत होते, नॉयराटला दुरुस्तीचे काम दिसत होते, आणि पाण्याखाली जमीन नाही याविषयी मात्र दोघांचे दुमत नव्हते.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरचा मार्ग या दोघांहून अगदी निराळा. दावोस येथे 1929 च्या वसंतात एर्न्स्ट कासिररशी झालेल्या त्याच्या वादास कार्नाप हजर होता. पुढे त्याने हायडेगरच्या ‘शून्या’विषयीच्या वाक्यांची तार्किक चिरफाड करून ती कशी अर्थहीन ठरतात हे दाखविले. मानवी अस्तित्वाच्या मुळाशी असलेल्या भयाचे आणि निराधारतेचे हायडेगरने केलेले वर्णन थोर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या निराधारतेचा भाष्यकार 1933 मध्ये फ्रायबुर्गचा कुलगुरू झाला आणि मे महिन्यात नाझी पक्षाचा सभासदही झाला. त्याला आधार मिळावयास फारसा वेळ लागला नाही. त्याचे गुरू एडमुंड हुसेर्ल जन्माने ज्यू असल्यामुळे विद्यापीठाबाहेर काढले गेले. 1935 च्या मे महिन्यात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षात, त्यांनी व्हिएन्नात येऊन युरोपीय मानवतेवरील संकटाविषयी व्याख्यान दिले, आणि तीन दिवसांनी ते पुन्हा द्यावे लागले एवढी गर्दी होती.

ज्या व्हिएन्नात हुसेर्ल बोलले ते शहर तोवर पुरते बदलले होते. फेब्रुवारी 1934 च्या यादवीत सरकारी तोफांनी कामगारांच्या वसाहतींवर मारा केला, समाजवादी पक्ष बेकायदा ठरला, आणि मंडळाच्या वतीने जाहीर व्याख्याने ठेवणारी एर्न्स्ट माख संस्था फर्मान काढून मोडली. संस्था राजकीय नव्हती, असा अर्ज श्लिकने पोलिसांकडे केला. स्वतः तो नव्या राजवटीशी जुळवून घेणारा सरळमार्गी माणूस होता. अर्जाचा उपयोग झाला नाही. नॉयराट त्या वेळी मॉस्कोत होता. ‘कार्नाप तुमची वाट पाहत आहेत’ एवढ्याच मजकुराची ठरलेली सांकेतिक तार पोचताच तो व्हिएन्नास न परतता प्रागमार्गे हेगला गेला. हान त्याच वर्षी शस्त्रक्रियेनंतर वारला. विद्यापीठात ज्यू आणि डाव्या विद्वानांच्या नेमणुका रोखण्यासाठी काही प्राध्यापकांचा गुप्त कंपू पूर्वीपासून काम करीत होता; पुराजीवशास्त्राच्या ज्या खोलीत ते जमत, तिला ‘अस्वलांची गुहा’ म्हणत.

योहान नेलब्यॉक हा श्लिकचाच विद्यार्थी. त्याने 1931 मध्ये त्याच्याकडेच डॉक्टरेट केली होती. श्लिकविषयी त्याच्या मनात विकृत द्वेष होता, धमक्यांवरून त्याला दोनदा मनोरुग्णालयात ठेवण्यात आले होते, आणि श्लिकला काही काळ पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले होते. 22 जून 1936 रोजी सकाळी श्लिक व्याख्यानासाठी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा जिना चढत असताना नेलब्यॉकने त्याला पिस्तुलाने गोळ्या घातल्या. श्लिक तेथेच गतप्राण झाला. एका वेड्याचे कृत्य म्हणून येथेच विषय संपला असता. परंतु तीन आठवड्यांच्या आत एका कॅथलिक साप्ताहिकात ‘ऑस्ट्रियाकुस’ या टोपणनावाने एका प्राध्यापकाने लेख लिहून खुनाची जबाबदारी जवळजवळ मृताच्याच माथी मारली. अशा नास्तिक, विध्वंसक तत्त्वज्ञानातून याहून वेगळे काय निपजणार, ख्रिस्ती देशातील तत्त्वज्ञानाची अध्यासने ख्रिस्ती तत्त्वज्ञांकडेच गेली पाहिजेत, असा त्याचा मथितार्थ होता. ज्यू प्रश्नाचा उल्लेखही त्यात होता. आणि श्लिक ज्यू नव्हता. या लेखात शंकेला तिळमात्र जागा नाही. त्या काळाच्या संशयग्रस्ततेविषयी बोलणाऱ्याने तो अवश्य वाचावा.

ग्योडेलच्या मनावर या घटनेचा भयंकर आघात झाला आणि त्याला उपचारांसाठी आरोग्यधामात राहावे लागले. 1940 च्या आरंभी तो सैबेरियातून रेल्वेने, मग जपानमार्गे, अमेरिकेस निघून गेला. नॉयराटला जर्मन फौजा हॉलंडात शिरल्या तेव्हा एका गर्दीने भरलेल्या बचावनौकेतून इंग्लंड गाठावे लागले. गुरुवारच्या खोलीत नित्य बसणाऱ्यांपैकी व्हिएन्नात राहिले ते फार थोडे.

नेलब्यॉकला 1937 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ऑस्ट्रिया जर्मनीस जोडला गेल्यावर त्याच्या दयेच्या अर्जात असे प्रतिपादन करण्यात आले की, राष्ट्राला घातक अशा ज्यू विचारांचा प्रसारक दूर करून त्याने राष्ट्रीय समाजवादाची सेवाच केली आहे. 1938 च्या शरदात तो सुटला. युद्धानंतर, 1950 मध्ये, व्हिएन्नात राहिलेल्या मंडळींपैकी एक, व्हिक्टर क्राफ्ट, यांनी मंडळाचा इतिहास प्रसिद्ध केला आणि त्यात मारेकऱ्याचा निर्देश मनोविकृत असा केला. तेव्हा 1951 मध्ये नेलब्यॉकने क्राफ्टवर अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. क्राफ्टने तडजोड करून शब्द मागे घेतले.