सोलरचं पाणी कोमट का येतं?

मार्गशीर्षात गारठा वाढला की केजमधल्या नळकाम करणाऱ्या मिस्त्र्यांना एकच तक्रार ऐकावी लागते: सोलरचं पाणी गरम येईना. ऊन तर रोज लख्ख पडतं, तरी बाथरूममधल्या नळाला कोमट पाणी. अशा वेळी घरोघरी निष्कर्ष दोनच निघतात, ट्यूबा गेल्या किंवा सोलर जुनं झालं. आमच्या शेजारीही असंच ठरलं होतं, नव्या सोलरचा भावही विचारून झाला होता. नवं घेण्याआधी एक जाणता मिस्त्री आला आणि त्याचं काम मी गच्चीवर बसून सगळं पाहिलं.

त्याने ट्यूबांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी टाकीतून निघणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपला हात लावला. "काकू, पाणी तापतच नाही का तापलेलं खाली येईना, ते आधी बघू," असं म्हणून त्याने सोलरला जाणारा गार पाण्याचा कॉक बंद केला आणि खाली गरम पाण्याचा नळ उघडायला सांगितला. पाइपात उरलेलं पाणी आलं आणि धार थांबली. कॉक बंद असूनही धार चालू राहिली असती, तर गार पाणी दुसरीकडून गरम लाइनमध्ये शिरत होतं असा अर्थ झाला असता. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून नुसता हँडशॉवर बंद केला की हेच होतं. वरच्या टाकीतून थेट येणाऱ्या गार लाइनला दाब जास्त असेल, तर ते पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं आणि गच्चीवर कढत पाणी असूनही नळाला कोमटच येतं. या घरात तसं नव्हतं.

मग ट्यूबांची पाळी. प्रत्येक ट्यूबमध्ये काचेच्या दोन नळ्या असतात, एकीत एक, आणि मधली हवा काढून घेतलेली असते. आतल्या नळीवरचा काळा लेप ऊन शोषून घेतो, मधल्या पोकळीमुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून आत पाणी कढत असलं तरी चांगल्या ट्यूबची बाहेरची काच हाताला गार लागते. ज्या ट्यूबचा चटका बसतो ती गेलेली. खात्री करायची तर तिचं खालचं टोक बघायचं: तिथला चांदीसारखा चकाकता भाग हवा शिरल्यावर पांढरा पडतो. वीस ट्यूबांत अशा दोन निघाल्या. मला वाटलं, रोग सापडला. मिस्त्री म्हणाला, "दोन ट्यूबांनी सगळं पाणी कोमट होत नसतं. अजून काहीतरी आहे."

ते काहीतरी दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बाहेर निघालं. आदल्या रात्रीच गरम पाणी वापरून संपवलं होतं, उरलेलं ड्रेनच्या नळाने काढून टाकलं. एक चांगली ट्यूब हलके फिरवत वर टाकीत सरकवली, खालचं टोक कपातून सोडवलं आणि ती बाहेर ओढली. तळाशी वीतभर पांढरा चुरा बसला होता आणि वरपर्यंत काचेला आतून खरखरीत थर.

हे आपल्या पाण्याचं देणं. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा. त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन बोअरमध्ये येतं. तापल्यावर विरघळलेलं बायकार्बोनेट फुटून त्याचं कार्बोनेट होतं आणि ते थर धरून बसतं. या क्षारांनी येणारी कठीणता पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. सोलरमध्ये पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन ट्यूबमधून वर टाकीत चढतं, गार पाणी ट्यूबच्या तळाकडे उतरतं आणि हा फेरा दिवसभर चालतो. तळ चुऱ्याने भरला की तेवढी ट्यूब कामातून जाते आणि थर चढलेल्या काचेतून उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोचते.

मिस्त्रीने लिंबूसत्व पाण्यात विरघळवून ट्यूबांत भरून ठेवलं, मग लांब काठीला गुंडाळलेल्या फडक्याने त्या आतून पुसल्या. संडास धुवायचं ॲसिड त्याने हातात घेऊ दिलं नाही. ते मिठाचं आम्ल, स्टेनलेस स्टीलच्या टाकीला भोकं पाडतं. दोन ट्यूबा नव्या घातल्या, कडक झालेल्या रबरी रिंगा बदलल्या, साबणाचा फेस लावून ट्यूबा परत बसवल्या आणि ऊन उतरल्यावरच टाकी भरली.

ही शेवटची गोष्ट केजमध्ये फार महत्त्वाची आहे. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. पण 2016 साली ते कोरडं पडलं आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. टंचाईत वरची टाकी रिकामी, सोलर रिकामं आणि ऊन मात्र चालूच. कोरड्या ट्यूबची आतली काच अशा वेळी दोनशे अंशांच्याही वर तापू शकते. भर दुपारी टँकर येतो, आनंदाने मोटार चालू होते आणि ते गार पाणी लागताच ट्यूबा तडकतात. त्याचा दोष सोलरच्या माथी मारला जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण टंचाईने आधीच पिचलेल्या घराला तो खर्च पडतो आणि तो सहज टाळता येतो.

  सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइप मोकळा आहे ना, हेही बघायला लागतंच.

तेव्हा नव्या सोलरचा भाव काढण्याआधी गार पाण्याचा कॉक बंद करून नळ तपासा आणि ट्यूबांना हात लावून बघा. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी दसऱ्याच्या आत, सकाळी लवकर, ड्रेनचा नळ उघडून गाळ काढा. ते पाणी बादल्यांत धरा, झाडांना घाला. आणि उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली असेल, तर टँकर दुपारी आला तरी सोलरचा कॉक रात्रीच उघडा.