बाभूळगांव: खालसा कीं दुमाला?

कर्जत म्हटलें कीं पुण्यामुंबईच्या वाचकांस घाटाखालचें रेल्वे स्टेशन आठवतें. आम्ही ज्या कर्जताविषयीं लिहीत आहों तें निराळें. पूर्वीच्या अहमदनगर व २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हा अवर्षणाचा तालुका. सिद्धटेकच्या यात्रेमुळें पुष्कळांच्या ओळखीचा.

हॉलंडांतील गांवांच्या नांवांत धरण आणि बांध पदोपदीं भेटतात. आम्स्टरडॅम म्हणजे आम्स्टेल नदीवरील धरण. पाण्यास मागें सारून ज्यांनीं जमीन राखली, त्यांस दुसरें काय सुचणार? आमच्या माळावर मात्र माणसानें झाडाची खूण धरली. पिंपळवाडी, चिंचोली, निमगांव, बाभूळगांव! उन्हाच्या मुलुखांत सांवली हीच पहिली संपत्ति.

पण तींच झाडें सर्वत्र, म्हणून तींच नांवेंही सर्वत्र. याच तालुक्यांत निमगांव गांगर्डा आहे, तसेंच निमगांव डाकू. चिंचोली काळदात आहे, तशीच चिंचोली रमजान. राक्षसवाडीही दोन, बुद्रुक व खुर्द. बुद्रुक हें फारसी ‘बुजुर्ग’ शब्दाचें रूप, म्हणजे थोरलें. खुर्द म्हणजे धाकटें. (कित्येक ठिकाणीं धाकटें गांव थोरल्याहून वाढलें, तरी नांव धाकटेंच!)

सर्वांत बोलकी जोडी बाभूळगांव खालसा आणि बाभूळगांव दुमाला यांची. खालसा गांवाचा सारा थेट सरकारांत जाई. दुमाला गांवाचा वसूल, सगळा किंवा कांहीं अंशीं, इनामदाराकडे तोडून दिलेला असे. सुगी झाल्यावर धान्य कोणाच्या दारीं जाणार, हें शेतकऱ्यास गांवाच्या नांवांतच ऐकावयास मिळे. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनीं इनामें गेलीं, आणि तें योग्यच झालें. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या आजोबांस तें रुचलें नसेल, ही गोष्ट वेगळी.

हीं उपपदें परकीय म्हणून टाकावीं असें म्हणणारे भेटतात. आम्हांस तें पटत नाहीं. खालसा हा शब्द अरबींतून आला असेल. सारा भरला तो येथल्याच कुणब्यानें.

शिवाय घरगुती अडचण आहेच. वंशावळींत मूळ गांव नुसतें ‘बाभूळगांव’ असें उतरविलेलें असतें. ट्रंकेंतील जुनी सनद किंवा फारखत वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं तींतील पुढचा शब्द वाचून घ्यावा. तो गेला, तर पणजोबांचें घर कोणत्या शिवारांत होतें हें नातवास कोणीच सांगूं शकणार नाहीं.