नऊ खणांचं माळवद

आमच्याकडे घर फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. धाराशिव जिल्ह्यातलं माझं आजोळ नऊ खणांचं. दारातून आत शिरलं की ढाळज, पुढं बैलांची दावण, मग ओसरी आणि शेवटी अंधारं माजघर. माजघराच्या भिंतीतच ज्वारीचं बळद. घर माणसांचं तेवढंच बैलांचं आणि धान्याचं.

भिंती काळ्या दगडाच्या, अडीच फूट रुंद. दगड शेतातली विहीर खोदताना निघालेला, वडारांनी फोडलेला. मात्र छताचा भार भिंतींवर नाही. तो पेलतात बाभळीचे खांब. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, त्यांवर किलचा, वर कडुनिंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या गावठाणातली ही खारवट माती धुमसानं चोपली की पाणी धरत नाही. माजघराला खिडकी नव्हती, छतात सवणं होतं. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप थेट जात्यावर यायची. पावसाचा पहिला थेंब पडला की मामी आधी शिडी गाठायची आणि सवण्यावर फरशी सरकवायची.

हे मातीचं सपाट छत म्हणजेच माळवद. उन्हाळ्यात ते आमचं दुसरं अंगण. त्यावर मिरच्या वाळायच्या, कडबा रचलेला असायचा, रात्री अंथरुणं पडायची. घराला घर लागून असल्यानं माळवदांवरूनच गल्लीच्या त्या टोकाला जाता यायचं.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपानं किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-धाराशिवमधली अशीच हजारो घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून दगडी घर म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ती भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण दोष एकट्या दगडाचा नव्हता. भिंत बाहेरून एकसंध दिसते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती, मधे गोटे आणि चिखलाची भर. दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार लांब दगड घातलेले नसतील, तर धक्क्यासरशी दोन्ही बाजू फाकतात. शिवाय छत गळतं म्हणून वर्षानुवर्षं मातीवर माती चढवलेली. जिथं लाकडी सांगाडा पक्का होता, तिथं भिंती ढासळूनही खांबांवर छत उभं राहिल्याचं पाहणीत दिसलं. सुतारानं सांधलेल्या त्या खांब-तुळयांचं मोल आपण फार उशिरा ओळखलं.

पुढं 52 गावं नव्या जागी वसली. बाकीच्या गावांत जुनी घरं मजबूत करण्याचं काम निघालं. मामांनी घर पाडलं नाही. आधी माळवदावरची माती उतरवली. चार दिवस टोपली टोपली माती खाली येत होती. चुलीच्या राखेचे थर निघाले, बांगड्यांचे तुकडे निघाले, आणि आजोबांच्या अडकित्त्याची हरवलेली एक पातही सापडली. मग गवंड्यानं भिंतीतले दगड अधूनमधून हलक्या हातानं काढून आरपार भोकं पाडली, त्यांत सळी घातली आणि काँक्रीट भरलं. ओसरीच्या भिंतीवर काळ्या दगडांत ते करडे ठिपके आजही दिसतात. येताजाता मामा त्यांवरून हात फिरवतात.